बोली आणि बाकी : पैसे न देणाऱ्या खरेदीदाराचे काय करायचे?

राज्याच्या कृषी पणन मंडळाचा रोजचा बाजारभावाचा तक्ता पाहणाऱ्यांना त्यात 'वडगाव पेठ' हे नाव परिचित असेल. हे हातकणंगले तालुक्यातले पेठ वडगाव. गावाच्या नावातच पेठ आहे, आणि महामार्गावरचे वाठार आजही 'वाठार तर्फ वडगाव' म्हणूनच ओळखले जाते. आसपासच्या गावांचा कांदा, भाजीपाला आणि भुसार माल जिथे बोलीवर चढतो, असे हे ठिकाण. तक्त्यात प्रत्येक मालापुढे आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. एक रकाना मात्र कोणत्याही बाजाराच्या तक्त्यात नसतो : ठरलेला दर विकणाऱ्याच्या हाती पडला का, आणि किती दिवसांनी?

दर आणि पैसा यांच्यामधली ही जागा लिलावाइतकीच जुनी आहे. ऑनलाइन लिलाव आल्यावर ती मिटेल अशी अनेकांची समजूत होती. सगळे संगणकावर, सगळ्याची नोंद, मग बुडवेल कोण? प्रत्यक्षात ती जागा रुंदावली. पूर्वी बोली लावणारा समोर उभा असे; आता तो पडद्यामागचे एक नाव असतो. अशा खरेदीदाराशी कसे वागावे, हा प्रश्न जुना मोबाइल विकणाऱ्या विद्यार्थ्यापासून कांदा विकणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांचा आहे. त्याचे उत्तर शोधताना आपल्या पेठांनी हा प्रश्न आजवर कसा हाताळला, हे आधी पाहायला हवे.

'तीन वार' म्हटल्यावर काय होते?

१९३०च्या माल विक्री कायद्याचे कलम ६४ लिलावाबद्दल आहे. हातोडा पडून किंवा रूढ पद्धतीने लिलाव संपल्याचे जाहीर झाले की विक्री पूर्ण होते. त्या क्षणापर्यंत बोली लावणाऱ्याला आपली बोली मागे घेता येते, त्यानंतर नाही. म्हणजे 'एक वार, दोन वार, तीन वार' यातल्या तिसऱ्या वाराला कायदेशीर वजन आहे. त्यानंतर 'मला नको' म्हणणारा माणूस करार मोडत असतो.

पण विक्री पूर्ण झाली म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. म्हणूनच हा कायदा 'पैसे न मिळालेला विक्रेता' अशी एक स्वतंत्र व्यक्ती मानतो आणि तिला काही हत्यारे देतो. उधारीचे ठरले नसेल, तर पैसे मिळेपर्यंत माल आपल्या ताब्यात ठेवण्याचा हक्क त्याला आहे. माल नाशवंत असेल, किंवा 'अमुक मुदतीत पैसे दिले नाहीत तर माल दुसऱ्याला विकेन' अशी सूचना देऊनही खरेदीदार वाजवी मुदतीत हलला नाही, तर कलम ५४ प्रमाणे माल पुन्हा विकता येतो, आणि दुसऱ्या विक्रीत तोटा आला तर तो पहिल्या खरेदीदाराकडून मागता येतो. सूचना देणे आवश्यक असताना ती न देता माल विकला, तर हा नुकसानीचा हक्क जातो. उलट फायदा झाला तर तो पहिला खरेदीदार मागू शकतो. एका साध्या पत्राची किंमत इतकी आहे.

या सगळ्या तरतुदींचा पाया एकच : माल अजून विकणाऱ्याच्या हातात आहे. तो एकदा सुटला की उरते फक्त वसुली.

न देणारे सगळे सारखे नसतात

पैसे न देणारा प्रत्येक जण लबाड असतो असे समजले की उपाय चुकतो. अशा खरेदीदारांच्या निदान चार जाती आहेत.

पहिला, चढाओढीत वाहवत गेलेला. लिलावात जो जिंकतो तो बहुधा मालाची किंमत सर्वांत जास्त धरणारा असतो, आणि म्हणूनच अंदाज चुकण्याची शक्यताही त्याचीच जास्त असते. अमेरिकेतील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून तीन अभियंत्यांनी १९७१ साली ही गोष्ट मांडली; अर्थशास्त्रात तिला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. रात्री बोली लावून सकाळी पस्तावणारा हा माणूस. दुसरा, दर बघून फिरणारा. बोली आणि उचल यांच्यामध्ये दोन दिवस असतील आणि तेवढ्यात दर पडला, तर तो फोन उचलत नाही. दर चढला तर पहाटेच गाडी घेऊन येतो. त्याच्यासाठी बोली म्हणजे फुकटात मिळालेली मुभा असते. तिसरा, दुसऱ्याच्या पैशावर धंदा करणारा. तो शेवटी पैसे देतोही, पण महिन्या-दीड महिन्याने. मधल्या काळात शेतकऱ्याचा पैसा त्याचे बिनव्याजी भांडवल होतो. चौथा, पहिल्या दिवसापासून बुडवायला आलेला. तो सुरुवातीचे दोन-तीन व्यवहार चोख करतो, विश्वास बसला की मोठा माल उचलतो आणि गायब होतो.

पहिल्याला थोडी मुदत आणि एक आठवण पुरते. दुसऱ्यावर अनामतीचा लगाम लागतो. तिसऱ्यावर व्याज लावावे लागते. चौथ्यावर एकच उपाय चालतो, आणि तो व्यवहाराच्या आधी करायचा असतो : पैशाशिवाय माल न सोडणे.

पेठेची जुनी उत्तरे

जनावरांच्या बाजारात पूर्वी सौदा रुमालाखाली होई. दोघांचे हात कपड्याखाली, बोटांच्या खुणांनी दर, आणि भोवतालच्यांना पत्ता नाही. ही पद्धत शेतमालातही होती आणि त्यात विकणाऱ्याचे नुकसान होई, म्हणून नियंत्रित बाजारांनी उघड लिलाव आणला. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा आला. १९२८च्या शाही कृषी आयोगाने अशा बाजारांची शिफारस केली, मुंबई प्रांतात १९३९चा कायदा झाला आणि पुढे महाराष्ट्राचा १९६३चा. दर उघड झाला, माप प्रमाणित झाले, पट्टी लेखी मिळू लागली.

पण रुमालाखालच्या सौद्यात एक चांगली गोष्ट होती, ती म्हणजे विसार. सौदा ठरताच काही रक्कम हातावर ठेवायची. ती घेतली की विकणारा बांधला गेला, दिली की घेणारा. घेणारा फिरला तर विसार बुडाला. जमिनीच्या व्यवहारात विसारपावती आजही चालते. रक्कम लहान असली तरी तिने 'बघू' म्हणणारा आणि 'घेतो' म्हणणारा वेगळे होतात.

दुसरे उत्तर अडत्याचे. शेतकऱ्याचा माल अडत्याच्या गाळ्यावर उतरतो, बोली होते, माल खरेदीदार व्यापारी नेतो. शेतकऱ्याला पट्टी मात्र अडत्या देतो. व्यापाऱ्याकडून पैसे पंधरा दिवसांनी येवोत की महिन्याने, ती काळजी अडत्याची. कोणता व्यापारी चोख, कोण रखडवतो, कोणाच्या मागच्या बाक्या आहेत, हे त्याला तोंडपाठ असते, कारण बुडाले तर त्याचे बुडते. अडतीवर टीका भरपूर झाली आणि ती बरीचशी योग्य आहे. उचल देऊन शेतकऱ्याला बांधून ठेवणे, मनमानी कपाती, ओळखीच्या व्यापाऱ्याला झुकते माप, हे सारे घडले आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला होता. पण अडतीचा एक भाग ही विम्याची किंमत होती, हे त्या वादात मागे पडले. शेतकरी अडत देत होता आणि त्या बदल्यात बुडव्या खरेदीदाराची जोखीम दुसऱ्याच्या डोक्यावर टाकत होता.

हा अडत्या नसतो तिथे काय होते, हे द्राक्षपट्ट्यात दिसते. द्राक्षांचा सौदा बहुधा बागेतच होतो. बाहेरगावचा व्यापारी येतो, दर ठरतो, पेट्या भरल्या जातात, थोडी रक्कम रोख आणि उरलेल्याचा धनादेश. हंगाम संपताना व्यापारी दिसत नाही आणि धनादेश परत येतो. नाशिक भागात अशा तक्रारी इतक्या साचल्या की २०२० साली पोलिसांना त्यासाठी खास मोहीम हाती घ्यावी लागली.

तिसरे उत्तर कायद्याने मुदत आणि व्याज लावण्याचे. ते हातकणंगले तालुक्यात घरोघर ठाऊक आहे, कारण ते उसाचे आहे. ऊस लिलावात विकला जात नाही, पण पैसे थकवणारा खरेदीदार हा अनुभव ऊसवाल्याइतका कोणाला असेल? १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. बाजार समित्यांसाठी केंद्राने २००३ मध्ये जो नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला, त्यात याहून कडक कलम होते : पैसे त्याच दिवशी, उशीर झाला तर रोज एक टक्का जादा, पाच दिवसांत ते सगळे न दिल्यास सहाव्या दिवशी परवाना रद्द समजायचा आणि त्या व्यक्तीला किंवा तिच्या नातेवाइकाला वर्षभर नवा परवाना नाही. यात 'नातेवाइकाला' हा शब्द ज्याने घातला, त्याने बाजार जवळून पाहिला असणार.

पडद्यावरची बोली

१४ एप्रिल २०१६ रोजी आठ राज्यांतील २१ बाजार जोडून 'ई-नाम' हा राष्ट्रीय ऑनलाइन बाजार सुरू झाला. नंतर त्यात महाराष्ट्रातील अनेक समित्या आल्या. प्रवेशद्वारावर नोंद, मालाच्या ढिगाला क्रमांक, गुणवत्तेची तपासणी, मोबाइलवरून बोली आणि शेवटी खात्यात रक्कम, अशी त्याची रचना. बोली गुप्त राहते, त्यामुळे संगनमत अवघड होते. वडगावच्या ढिगावर हैदराबादच्या व्यापाऱ्याने बोली लावावी, हा त्यामागचा विचार. पण राज्याबाहेरचा व्यापार एकूण उलाढालीच्या मानाने थोडाच राहिला. तिकडच्या व्यापाऱ्याला न पाहिलेल्या मालाची खात्री नाही, इकडच्या शेतकऱ्याला न पाहिलेल्या व्यापाऱ्याची नाही. दर काढणे यंत्राला जमले. जामीन राहणे हे वेगळे काम आहे आणि ते कोणीतरी अंगावर घ्यावे लागते.

२०२०च्या केंद्रीय व्यापार कायद्यात हीच जागा मोकळी होती. बाजार समितीबाहेर पॅन कार्ड असलेला कोणीही शेतमाल घेऊ शकणार होता. पैसे त्याच दिवशी किंवा फार तर कामाच्या तीन दिवसांत द्यायचे असे लिहिले होते. पण ज्याच्याकडे परवाना नाही आणि अनामतही नाही, त्याने ते दिले नाहीत तर शेतकऱ्याने प्रांताधिकाऱ्याकडे तक्रार घेऊन जायचे. कायद्याच्या बाजूने आणि विरोधात बरेच बोलले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो रद्द झाला. प्रश्न तसाच राहिला.

मध्यस्थ आहे, पण त्याने आपले काम केले नाही, तर काय होते याचा धडा मुंबईतला आहे. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या इलेक्ट्रॉनिक बाजारात साखर, भात, एरंडी, पोलाद अशा मालाचे जोडसौदे चालत. गुंतवणूकदार दोन दिवसांत पैसे देऊन माल घ्यायचा आणि त्याच वेळी तोच माल सुमारे २५ दिवसांनंतरच्या मुदतीने परत विकायचा. दुसऱ्या टोकाचा खरेदीदार मुदतीला पैसे देईल, आणि न दिल्यास गोदामात माल आहेच, असा भरवसा. ३१ जुलै २०१३ रोजी व्यवहार थांबले तेव्हा २४ सदस्यांकडून सुमारे ५,६०० कोटी रुपये येणे होते, जवळपास १३,००० गुंतवणूकदार अडकले होते आणि अनेक गोदामांत कागदावरचा माल नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बाजारालाही राज्याचा ठेवीदार संरक्षण कायदा लागू होतो असा निर्वाळा दिला. या प्रकरणात बोली, सौदा, नोंद, संगणक असे सर्व काही होते. नव्हते ते दोन जुने आधार, हातातला माल आणि पुरेशी अनामत.

याच्या उलट उदाहरण हॉलंडचे. तिथल्या ब्रुक ऑप लांगेडाइक या गावात १८८७ साली भाजीपाल्याचा लिलाव सुरू झाला, आणि त्यातून वरून खाली येणाऱ्या दराचे प्रसिद्ध 'डच घड्याळ' रूढ झाले. आज फुलांचा प्रचंड लिलाव चालवणारी संस्था उत्पादकांचीच सहकारी संस्था आहे. खरेदीदार पैसे संस्थेला देतो आणि संस्था उत्पादकाला. कोणत्या खरेदीदाराची पत किती, हे पाहण्याचे काम संस्थेचे. फुले दुसऱ्या दिवशी विकता येत नाहीत, म्हणून वसुलीचा प्रश्न बोलीच्या आधीच सोडवला आहे. सहकारावर वाढलेल्या कोल्हापूर जिल्ह्याला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्याकडे दुधाचे बिल दर दहा दिवसांनी संघाकडून येते. शहरात ते दूध कोणी घेतले आणि त्याने पैसे दिले का, हे उत्पादकाला विचारावे लागत नाही.

जुन्या-नव्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावातही हेच तत्त्व दिसते. अमेरिकेत १९९५ साली सुरू झालेल्या ईबेने आधी ओळखीची जागा अभिप्रायाने भरली : प्रत्येक व्यवहारानंतर दोन्ही बाजूंनी शेरा. पुढे न देणाऱ्यांसाठी नियम झाला : चार दिवस वाट पाहून विक्रेत्याने व्यवहार रद्द करायचा, आणि खरेदीदाराच्या नावावर तशी नोंद. २००४ मध्ये मुंबईची बाझी डॉट कॉम ही कंपनी घेऊन ईबे भारतात आले. इथल्या 'पैसापे' व्यवस्थेत खरेदीदाराची रक्कम आधी मध्यस्थाकडे जमा होई, मग विक्रेता वस्तू पाठवी. भारतीय बाजाराला अभिप्रायापेक्षा जामीन जवळचा वाटला, यात नवल नाही.

अनामत किती?

न्यायालयांनी याचे उत्तर फार पूर्वी आकड्यात दिले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१व्या आदेशानुसार जप्त स्थावर मालमत्तेच्या लिलावात बोली संपताच २५ टक्के भरायचे आणि उरलेले १५ दिवसांत. न भरल्यास मालमत्तेचा पुन्हा लिलाव, अनामत जप्त होऊ शकते, आणि दुसऱ्या लिलावात तूट आली तर तीही पहिल्याकडून वसूल होते. थकीत कर्जासाठी बँका जे ई-लिलाव करतात, त्यांचे २००२चे नियम याच वळणाचे आहेत. ही २५ टक्के रक्कम पूर्ण जप्त करणे योग्य आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात २ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने जप्ती वैध ठरवली. बँकेला मालमत्ता नंतर जास्त दराने विकता आली तरीही. कारण जप्तीची भीती नसेल तर लिलावाला अर्थच उरणार नाही.

अनामत तोकडी असली तर सरकारही फसते. १९९६ मध्ये अमेरिकेत ध्वनिलहरींच्या लिलावात नेक्स्टवेव्ह या कंपनीने सुमारे ४.७ अब्ज डॉलरची बोली लावून परवाने जिंकले. दहा टक्क्यांच्या आसपास भरले, बाकी हप्त्याने. १९९८ मध्ये कंपनीने दिवाळखोरी पुकारली. सरकारने परवाने परत घेतले, पण २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. माल आधी देऊन बाकी मागत बसणाऱ्याची ही गत.

विकणाऱ्याने काय करावे?

आता घरगुती विक्रेत्याकडे वळू. जुना ट्रॅक्टर, शिलाई मशीन किंवा नाण्यांचा संग्रह ऑनलाइन बोलीवर काढायचा असेल, तर अटी बोलीच्या आधी लिहाव्यात : पैसे किती दिवसांत, अनामत किती, न दिल्यास काय. नंतर सांगितलेली अट बहुधा टिकत नाही. वस्तूचे दोषही तिथेच लिहावेत; न देणाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे 'सांगितले एक, निघाले दुसरे' असे असते, आणि ते खरेही असू शकते. आपल्याच मित्राकडून बोली चढवून घेऊ नये. तसे केल्यास कलम ६४ प्रमाणे खरेदीदाराला सौदा मोडता येतो.

मुदत टळली की आधी सभ्य लेखी आठवण, मग ठरावीक तारखेची सूचना. फोनवरच्या आश्वासनाचा पुरावा उरत नाही. तरीही पैसे आले नाहीत तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्याच बोलीच्या दरात विचारावे किंवा पुन्हा लिलाव करावा. पैसे पाठवल्याचे मोबाइलवरचे चित्र म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात जमा दिसल्यावरच वस्तू द्यावी. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. टाकायला सांगणारा खरेदीदार नाही, चोर आहे. देण्यापोटी दिलेला धनादेश खात्यात पैसे नसल्यामुळे परत आला, तर बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत, आणि त्यानंतर महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार, हा कलम १३८चा क्रम आहे. यातला एक दिवस चुकला तरी अडचण होते. आणि रागाच्या भरात त्या माणसाचे नाव-छायाचित्र गावभर फिरवू नये. अब्रुनुकसानीचा दावा उलटा येऊ शकतो.

हे सारे नाण्यांच्या संग्रहाला लागू पडते. कांद्याला आणि टोमॅटोला मात्र नाही. ज्याचा माल उद्या सडणार आहे, त्याला 'माल सोडू नका' हा सल्ला देण्यात अर्थ नाही, आणि नोटीस द्यायला त्याच्याकडे आठवडाही नाही. त्याच्यासाठी जामीन राहणारा कोणीतरी हवाच; तो अडत्या असेल, सहकारी संस्था असेल किंवा बाजार समितीकडची व्यापाऱ्याची अनामत असेल. म्हणून कोणताही नवा ऑनलाइन बाजार दाराशी आला तर त्याला पहिला प्रश्न दराचा विचारू नये. खरेदीदाराने पैसे दिले नाहीत तर मला कोण देणार, आणि किती दिवसांत, हे विचारावे. उत्तरात एखाद्या संस्थेचे नाव आणि दिवसांचा आकडा नसेल, तर ती जोखीम आपल्याच पट्टीत धरलेली आहे असे समजावे.

बाजार समित्यांना यात एक काम फारसा खर्च न करता करता येईल. दराबरोबर पैसे पोहोचायला लागलेले दिवसही त्यांनी खरेदीदारनिहाय नोंदवून जाहीर करावेत. अडत्याला जे तोंडपाठ होते, ते शेतकऱ्याला वाचता येईल. दहा रुपये जास्त देणारा पण चाळीस दिवस लावणारा आणि दहा रुपये कमी देऊन संध्याकाळी पट्टी चुकती करणारा, यांतला खरा चढा दर कोणाचा, हे मग ज्याचे त्याला ठरवता येईल.